गरम होणारी ॲक्सिलरेटर केबल: एका जुन्या फोर-व्हील जीपमधील विद्युत दोषाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका आंबा बागायतदाराच्या जीपचे आहे. गाडी १९९७ सालची, ताडपत्रीच्या टपाची, चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची आणि फोर-व्हील ड्राइव्हची. बाग कातळाच्या सड्यावर आहे आणि तिथून डांबरी रस्त्यापर्यंत उतरणारी दीड किलोमीटरची वाट जांभ्या दगडाची, पावसाने जागोजाग कापलेली आहे. मार्च ते मे या काळात आंब्याचे क्रेट याच जीपने खाली येतात आणि रस्त्यावर थांबलेल्या वाशीच्या ट्रकमध्ये चढतात. गाडी एक दिवस बंद राहिली तर तोडणी झालेला आंबा झाडाखालीच राहतो. पुढचे बरेच निर्णय या एका गोष्टीभोवती फिरले आहेत.

मालकाची, गावाची आणि आधीच्या कारागिरांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीचे नावही दिलेले नाही, कारण दोष कारखान्यातून आलेला नव्हता. मी अनेक वर्षे आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक व्यवसायाचा निदेशक होतो आणि मालकाशी जुना परिचय असल्यामुळे या कामात ओढला गेलो.

गाडीच्या इतिहासातील तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. २०१४ मध्ये बॉडी उतरवून चेसिस घासली आणि तिला दोन हात काळा रंग दिला. त्या वेळी अर्थिंगचे (म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेचे) बोल्ट ज्या जागी बसतात त्या जागाही रंगल्या. त्यानंतर केव्हातरी पुढच्या बंपरवर फॉग लॅम्प बसवले, ते पुढे एका कुंपणाच्या खांबाला लागून फुटले आणि काढून टाकले. आणि प्रकरणाच्या आदल्या वर्षी, पावसाळ्यापूर्वी, क्लच प्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवला होता. चौथी गोष्ट म्हणून खाऱ्या हवेचे नाव घ्यायला हरकत नाही, पण ती इतिहासात मोडत नाही. ती तिथे रोजचीच आहे. उघडी तांब्याची तार त्या हवेत एका पावसाळ्यात हिरवी पडते.

तक्रारी

मालकाने सांगितलेल्या तक्रारी पाच होत्या आणि त्या एकमेकींशी संबंधित आहेत असे त्याला वाटत नव्हते. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) कधी नीट फिरे, कधी एकदाच ‘खट्ट’ करून गप्प बसे. गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरे. हेडलाइट पिवळे पडले होते. रात्री दिवे लावले की तापमानाचा काटा चढे आणि बंद केले की खाली येई. त्यामुळे रेडिएटर एकदा उगाचच साफ करून घेतला होता. पाचवी तक्रार त्याने विजेच्या यादीत धरलीच नव्हती, मीच ‘आणखी काही?’ असे दोनदा विचारल्यावर ती बाहेर आली: ॲक्सिलरेटर मध्येच चिकटतो, पाय उचलला तरी इंजिन लगेच खाली बसत नाही. त्यासाठी केबलला दोनदा ग्रीस भरून झाले होते.

आधी झालेले उपाय

गेल्या आठ महिन्यांत दोन कारागिरांनी गाडी पाहिली होती. बॅटरी नवी बसवली, १२ व्होल्ट, ८० अँपिअर-तासांची. सेल्फ उघडून कार्बन आणि बुश बदलले. डायनमो तपासला. (अल्टरनेटरला आमच्याकडे अजून डायनमोच म्हणतात आणि मीही इथे तेच म्हणणार आहे.) प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी आठवडा-दोन आठवडे बरी चाले. हे का घडे ते नंतर स्पष्ट झाले: प्रत्येक वेळी बॅटरीची टोके सोडून, घासून पुन्हा आवळली जात आणि बॅटरी बाहेर पूर्ण चार्ज होऊन येई. गुण त्याचा होता, श्रेय नव्या सुट्या भागाला जाई.

या कारागिरांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. सेल्फ मारताना बॅटरीवर ११ व्होल्टच्या वर दिसत असतील आणि सेल्फ तरीही रेंगाळत असेल, तर बॅटरी ठीक आणि सेल्फ खराब, हा निष्कर्ष बहुतेक वेळा बरोबर येतो. डायनमोच्या अंगावर १४.२ व्होल्ट मिळत असतील तर डायनमो ठीक, हेही चुकीचे नाही. त्यांनी अर्थिंगही तपासले होते. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक इंजिनाला आणि दुसरे चेसिसला लावले, बीप वाजला, अर्थिंग पास झाले. या प्रकरणातली सगळी गफलत त्या बीपमध्ये आहे.

एक गोष्ट मात्र करायला नको होती. डायनमो चार्ज करतो की नाही हे पाहण्यासाठी इंजिन चालू असताना बॅटरीची एक वायर काढून पाहिली होती. इंजिन चालू राहिले तर डायनमो चांगला, ही परीक्षा जुन्या, कम्युटेटर असलेल्या डायनमोच्या काळातली. अल्टरनेटरवरून बॅटरी अशी झटक्यात सुटली की क्षणभर व्होल्टेज उसळते आणि त्याच्या पोटातले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) व रेग्युलेटर ते सहन करतीलच असे नाही. याचा हिशोब पुढे येईल.

पहिली पाहणी

मी पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस क्रेट खाली न्यायचे होते. काही सोडण्यापूर्वी मी फक्त पाहायचे ठरवले. बोनेट उघडून मालकाला सेल्फ मारायला सांगितले. सेल्फ अर्धा फेरा रेंगाळून थांबला. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा मारताना मी ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावला आणि मागे घेतला. केबल गरम होती. चहाच्या पेल्याचा बाहेरून लागतो तसा चटका होता.

केबल नीट पाहिली. बल्कहेडमधून, म्हणजे केबिन आणि इंजिन यांच्यामधल्या पत्र्यातून, बाहेर येऊन ती इंजिनावरच्या कंसात जिथे बसते, तिथे तिचे काळे प्लास्टिकचे आवरण चार बोटांच्या लांबीत चकचकीत झाले होते. कंसाखालच्या भागात ते वितळून पुन्हा थिजल्यासारखे चपटे झाले होते आणि आतली तार त्याला घासत होती. ॲक्सिलरेटर चिकटण्याचे कारण हेच होते. ग्रीस कितीही भरले असते तरी त्याने फरक पडला नसता.

केबल गरम होण्याचे कारण सांगण्याआधी गाडीतल्या विजेचा रस्ता सांगितला पाहिजे. बॅटरीच्या धन टोकाकडून वीज वायरने जाते, पण परत येते ती गाडीच्या लोखंडातून. बॅटरीचे ऋण टोक चेसिसला जोडलेले असते. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते चेसिसपासून तुटलेले बेट असते, आणि हे बेट जोडण्यासाठी इंजिन व चेसिस यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची विणलेली एक चपटी पट्टी असते. सेल्फ इंजिनाला बोल्टने बसलेला, डायनमोही इंजिनावरच. या दोघांची परतीची सगळी वीज त्या एका पट्टीतून जायची असते. पट्टी निकामी झाली तर वीज थांबत नाही. इंजिनापासून बॉडीपर्यंत लोखंडाची जी कोणती दुसरी वाट सापडेल ती धरते. ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकच्या तारा, प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याची बेअरिंगे, हे सगळे तिच्या उपयोगाला येते. अडीच लिटरच्या आसपासचे डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. त्यातला काही भाग सायकलच्या ब्रेकच्या तारेइतक्या जाडीच्या केबलमधून गेला तर ती तापणारच.

मोजमाप

संशय पक्का होता, पण पट्टी बदलण्याआधी आकडा हवा होता. मीटर ओहमवर ठेवण्यात अर्थ नव्हता. साध्या मल्टिमीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रोध ०.२ ओहमच्या घरात असतो आणि बीप तर वीस-तीस ओहमलाही वाजतो. सेल्फच्या वाटेत मात्र ओहमचा शंभरावा भाग जादा झाला तरी पुरतो: दोनशे अँपिअर गुणिले ०.०१ ओहम म्हणजे दोन व्होल्ट गेले, आणि त्या सांध्यावर चारशे वॅट उष्णता. मीटर स्वतः रोध मोजताना वाटेतून काही मिलिअँपिअरच सोडतो. पट्टीचा एक धागा शिल्लक असला तरी तो त्याला पुरतो. म्हणून मोजायचा रोध नव्हे, तर भार चालू असताना पडणारे व्होल्टेज.

इंजिन बंद करण्याचा दांडा ओढून धरला, म्हणजे गाडी चालू न होता सेल्फ फिरत राहील, आणि प्रत्येक मापाला पाच सेकंदांपुरता सेल्फ मारला. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये ११.१ व्होल्ट. बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत ०.४ व्होल्ट पडत होते, ते चालण्यासारखे. इंजिनाच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत ३.४ व्होल्ट. म्हणजे सेल्फला मिळत होते ७.३. परतीच्या बाजूला ०.२ किंवा फार तर ०.३ व्होल्ट पडणे मान्य असते.

मग धक्का देऊन इंजिन चालू केले, दिवे आणि वायपर लावले आणि पुन्हा मोजले. डायनमोच्या धन टोकापासून त्याच्याच अंगापर्यंत १४.२ व्होल्ट. बॅटरीवर १३.०. मधला फरक शोधायला कुठे जावे लागले नाही: चेसिस आणि इंजिन ब्लॉक यांच्यात १.१ व्होल्ट होते आणि उरलेला दशांश धन वायरीत. डायनमो आपले काम चोख करत होता, पण त्याने बनवलेले व्होल्टेज बॅटरीपर्यंत पोचत नव्हते. १३.० व्होल्टवर लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही. हायड्रोमीटरने आम्लाची घनता १.१९० दाखवली, म्हणजे नवी बॅटरी कायम अर्ध्यावर जगत होती.

तापमानाच्या काट्याचे कोडेही इथेच सुटले. त्याचा सेंसर इंजिनात बसवलेला असतो आणि इंजिनाच्या धातूतून अर्थ घेतो. दिवे लावले की त्यांची वीज चेसिसमधून डायनमोकडे परत जाताना त्या खराब सांध्यावर व्होल्टेज पडे आणि इंजिन ब्लॉक बॉडीपेक्षा एखाद्या व्होल्टने खाली जाई. सेंसरमधून तेवढी जास्त वीज वाहे आणि काट्याला वाटे, इंजिन तापले.

पर्याय

सहा वाजले होते. आमच्यासमोर चार मार्ग होते आणि प्रत्येकाच्या बाजूने कोणीतरी बोलत होते.

मालकाचा कल संपूर्ण वायरिंग बदलण्याकडे होता. सत्तावीस वर्षांचे वायरिंग, जागोजाग टेपची गाठोडी. एकदाच काय तो खर्च करू, असे त्याचे म्हणणे. हा विचार चुकीचा नव्हता, पण त्याला गाडी निदान पाच दिवस उभी राहणार होती, आणि मुख्य म्हणजे इंजिनाची अर्थिंग पट्टी त्या वायरिंगच्या जुडग्यात येतच नाही. नवे वायरिंग घालूनही सेल्फ तसाच रेंगाळला असता.

गावातल्या मेस्त्रींनी नवा डायनमो सुचवला. मोजमापानंतर त्याला आधार उरला नव्हता, निदान त्या संध्याकाळी तसे वाटले.

तिसरा मार्ग, हंगाम संपेपर्यंत गाडी उतारावर लावायची आणि गडगडत चालू करायची. कोकणात निम्म्या जुन्या गाड्या अशाच चालतात. पण चिकटणारा ॲक्सिलरेटर आणि भरलेले क्रेट घेऊन तो उतार उतरणे मला मान्य नव्हते.

चौथा मार्ग, फक्त परतीची वाट नवी करायची आणि मग पुन्हा मोजायचे. निर्णय घेण्यापूर्वी एक पडताळणी केली, तिला पाच मिनिटे लागली: ट्रकवाल्याकडची जाड जंपर केबल मागून घेतली, तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनावरच्या एका उघड्या बोल्टला लावले. सेल्फ असा फिरला की मेस्त्री हसून म्हणाले, “भाऊ, ह्याच सेल्फाचे पैसे तुम्ही मला दिलेत.” केबल थंड राहिली.

जंपर तशीच बांधून हंगाम काढावा, असे मालकाने अर्धवट गमतीने आणि अर्धवट मनापासून सुचवले. चिमटा सड्यावरच्या दोन हादऱ्यांत निघाला असता आणि निघून धन टोकाला टेकला असता तर बोनेटखाली वेल्डिंग झाले असते. तो विचार सोडला.

केलेली कामे

गाडीखाली गेल्यावर पट्टी सापडली, म्हणजे तिचा अवशेष. क्लचच्या कामात गिअरबॉक्स उतरवताना ती सोडली होती आणि परत लावताना चेसिसच्या रंगवलेल्या भागावर, वॉशरशिवाय, एका बोल्टाने आवळली होती. बोल्टाच्या आट्यांमधून आणि रंगाच्या एका ओरखड्यातून जेवढी वीज जाईल तेवढीच जात होती. विणलेल्या तारांपैकी निम्म्या हिरव्या भुकटीत गेल्या होत्या; बोटाने दाबली तर चुरा झाला.

नवी वाट दोन तुकड्यांची केली. दोन्हीसाठी ३५ चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल घेतली, कारण ती लवचीक असते आणि इंजिनाच्या हादऱ्यांनी तुटत नाही. एक तुकडा बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टपर्यंत, दुसरा इंजिनापासून चेसिसपर्यंत. लग, म्हणजे केबलच्या टोकाचे बोल्टखाली बसणारे कडे, पक्कडीने ठोकून बसवायला मी नकार दिला; गावात विजेच्या लाइनची कामे घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे हायड्रॉलिक क्रिंपिंग हत्यार होते, त्याच्याकडून लग दाबून आणले. यात दीड तास गेला आणि मालकाची चुळबुळ दिसत होती, पण पक्कडीने दाबलेला लग खाऱ्या हवेत वर्षभरात आतून हिरवा पडतो आणि बाहेरून शाबूत दिसतो. चेसिसवरची जागा रंग पूर्ण निघेपर्यंत, लोखंड पांढरे दिसेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि मग, आवळल्यानंतर, वरून व्हॅसलिन थापून त्यावर रंगाचा हात दिला. व्हॅसलिन आधी लावून मग आवळणारे पुष्कळ आहेत. बोल्ट घट्ट असेल तर त्यानेही फारसे बिघडत नाही, पण मला उघडे लोखंड लगला भिडलेले डोळ्यांनी दिसायला हवे असते.

रात्री नऊ वाजता पुन्हा मोजले. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.३ व्होल्ट, म्हणजे आधीपेक्षा कमी. मालकाचा चेहरा पडला. त्याला समजावून सांगितले की आता सेल्फ पोटभर वीज ओढतो आहे म्हणून बॅटरीचे व्होल्टेज खाली बसते, आधीचे ११.१ हे वाट तुंबल्याचे लक्षण होते. परतीच्या बाजूला ०.२, धन बाजूला पूर्वीसारखेच ०.४, सेल्फला ९.७. इंजिन चालू असताना डायनमोवर १४.२ आणि बॅटरीवर १४.०. दिवे लावल्यावर तापमानाचा काटा हलला नाही.

सकाळी चाळीस क्रेट उतरले. मी घरी गेलो.

नववा दिवस

आठ दिवस मालक हिशोबासाठी वाशीला गेला होता आणि मुलाने त्या काळात शेजाऱ्याची पिकअप वापरली. नवव्या दिवशी सकाळी फोन आला: बॅटरी पूर्ण उतरली आहे, सेल्फ ‘खट्ट’सुद्धा करत नाही.

चूक माझी होती आणि ती कुठे झाली हे मला फोन ठेवण्याआधीच कळले. ‘गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते’ ही तक्रार मी अर्ध्या चार्जच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. अर्धी भरलेली बॅटरी लवकर उतरते हे खरे, पण तिला उतरवणारे काहीतरी लागतेच. एका मोठ्या दोषाने चार लक्षणे समजावली की पाचवेही त्यातच बसवण्याचा मोह होतो.

दुसरी तपासणी

बॅटरी चार्ज करून परत बसवली, सगळे बंद केले आणि ऋण टोक व त्याची केबल यांच्या मधोमध मीटर १० अँपिअरच्या मापावर लावला. पहिल्या प्रयत्नात मालकाने सवयीने चावी फिरवली, हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी आतून गरम करणारे) सुरू झाले आणि मीटरचा फ्यूज गेला. चार हीटर प्लग मिळून चाळीस अँपिअरच्या वर ओढतात. दुसरा फ्यूज आणायला तालुक्याला जाऊन यावे लागले. तेव्हापासून या परीक्षेआधी मी चावी स्वतःच्या खिशात ठेवतो.

दुपारी आकडा मिळाला: ०.३१ अँपिअर. अलीकडच्या गाडीत संगणक, घड्याळ वगैरे मिळून पन्नास मिलिअँपिअरपर्यंत खप चालतो. या जीपमध्ये घड्याळही नव्हते, म्हणजे इथे शून्यच अपेक्षित. ०.३१ अँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे साडेसात अँपिअर-तास, आठ दिवसांत साठ. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून.

फ्यूज एकेक करून सगळे काढले. आकडा हलला नाही. याचा अर्थ खप फ्यूजबॉक्सच्या आधीच, थेट बॅटरीवरून होता. मग डायनमोचे जाड धन टर्मिनल सोडले आणि आकडा ०.१४ वर आला. इथेच थांबण्याचा मोह पुन्हा झाला, कारण निम्म्याहून अधिक खप सापडला होता: डायनमोतला एखादा डायोड उलट्या दिशेने ०.१७ अँपिअर गळू देत होता. आदल्या वर्षीच्या वायर काढून पाहण्याच्या परीक्षेतच तो दुखावला असे मला वाटते. सिद्ध करता येणार नाही.

उरलेले ०.१४ शोधायला हात कामी आला. गाडी रात्रभर उभी होती, बोनेटखालचे सगळे थंड होते, आणि उजव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, टेपच्या गुंडाळीत लपलेला एक छोटा रिले (विजेने चालणारा स्विच) कोमट लागला. तो गेलेल्या फॉग लॅम्पचा होता. लॅम्प काढले, पण रिले आणि वायरी तशाच राहिल्या; डॅशबोर्डच्या खाली, गुडघ्याजवळ, एक बिनदिव्याचा स्विच होता आणि तो चालू होता. केव्हापासून, कोणालाच सांगता आले नाही. लॅम्पच नसल्यामुळे स्विच चालू असल्याची खूण दिसणार कुठे? रिलेची कॉइल रात्रंदिवस बॅटरी पीत होती.

खपापेक्षा गंभीर गोष्ट पुढे होती. रिले ओढलेला असल्यामुळे लॅम्पकडे जाणारी वायर कायम जिवंत होती. वायर थेट बॅटरीवरून, मध्ये फ्यूज नाही, आणि तिचे टोक बंपरमागे नुसते टेप गुंडाळून सोडलेले. टेपचा डिंक उन्हाने सुटला होता आणि तांबे बंपरच्या कंसापासून बोटभर अंतरावर लोंबत होते. एका खड्ड्याचे काम होते.

डायनमोबाबतचा निर्णय

रिले, स्विच आणि ती वायर मुळापासून काढली. डायनमोचा प्रश्न इतका सरळ नव्हता. डायोडची प्लेट बदलणे हे दोन तासांचे काम, पण या इंजिनात डायनमोच्या मागच्या टोकाला ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो आणि त्याला इंजिनाच्या तेलाच्या नळ्या असतात. डायनमो उतरवला की ब्रेकची मदत गेली, आणि प्लेट मिळेपर्यंत गाडी उभी. हंगामाचे अजून पाच आठवडे होते.

तात्पुरता उपाय म्हणून बॅटरीच्या ऋण केबलवर फिरवण्याचा कटऑफ स्विच बसवला. रात्री गाडी लावली की तो बंद करायचा. यातही एक धोका होता. इंजिन चालू असताना कोणी तो फिरवला तर बॅटरी डायनमोवरून झटक्यात सुटणार, म्हणजे आदल्या वर्षीचीच परीक्षा पुन्हा. म्हणून स्विच हाताशी न ठेवता बोनेटखाली बसवला आणि बोनेटच्या आतल्या बाजूला तांबड्या रंगाने लिहिले: आधी इंजिन बंद. मालकाच्या मुलाला हे तीनदा सांगितले. जूनच्या पहिल्या आठवड्यात डायनमो उतरवून डायोडची प्लेट आणि जाता जाता कार्बनही बदलले. त्यानंतर सगळे बंद असताना मीटरवर शून्य आले.

हेडलाइटचे काम त्याच वेळी केले. अर्थिंग सुधारल्यावर दिवे उजळले होते, पण पुरेसे नाही: बॅटरीवर १४ असताना बल्बच्या पिनांवर १२.३ मिळत होते, कारण दोन्ही बल्बची सगळी वीज जुन्या स्विचमधून आणि डिपरमधून फिरून जात होती. दोन रिले बसवून, बॅटरीपासून फ्यूजसह स्वतंत्र वायर दिल्यावर १३.५ मिळू लागले. आकड्याने हा फरक लहान दिसतो, पण हॅलोजन बल्बचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की प्रकाश जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. जास्त वॅटचे बल्ब टाकायचा सल्ला मालकाला कोणीतरी दिला होता. जुन्या स्विचने तो भार फार दिवस सोसला नसता.

निष्पत्ती

पुढचा पावसाळा आणि त्यानंतरचा हंगाम गाडीने सेल्फची तक्रार न करता काढला. बॅटरी तीच आहे, मात्र आठ महिने अर्ध्यावर राहिल्यामुळे तिची क्षमता घटली असणार. एका सेलची घनता आजही बाकीच्यांपेक्षा खाली असते. संपूर्ण वायरिंग बदललेले नाही. डिझेलचा काटा अजून खोटे बोलतो. त्याचे कारण टाकीतल्या फ्लोटचा झिजलेला रोध हे आहे आणि मालक बांबूची पट्टी घालून डिझेल मोजतो. त्याला ते पुरते.

वेगळे काय करता आले असते

सेल्फ उघडण्यापूर्वी, आठ महिन्यांआधीच, जंपर केबलची पाच मिनिटांची पडताळणी व्हायला हवी होती. क्लचच्या कामानंतर दोन महिन्यांतच पहिली तक्रार आली, हे मालकाला तारखेसह आठवत होते. ‘त्याआधी गाडीला कोणी हात लावला होता?’ असे कोणी विचारले नाही, म्हणून त्याने सांगितले नाही.

पहिल्याच संध्याकाळी, जंपर सुटल्यानंतर आणि नव्या केबली लागल्यानंतर, बॅटरीचा बंद अवस्थेतला खप मोजायला मला दहा मिनिटे लागली असती. रात्रीचे नऊ वाजले होते आणि सेल्फ छान फिरत होता. फॉग लॅम्पची ती वायर त्यानंतर आठ दिवस तशीच लोंबत राहिली, आणि पहिल्या सकाळी ती चाळीस क्रेटसह उतारावरून गेली.

ॲक्सिलरेटरची केबल मी पहिल्या दिवशी बदलली नाही. आवरण सोलून, आतली तार मोकळी करून, तेल घालून परत बसवली, कारण नवी तालुक्यालाच मिळणार होती आणि दुकान बंद झाले होते. ती बदलली अकराव्या दिवशी. काढलेली जुनी केबल माझ्याकडे आहे. कंसाखालच्या भागातल्या सात तारांपैकी तीन तुटलेल्या आहेत आणि चौथी निळी पडली आहे.